माझ्या मापाचा मोअर

अमेरिकेतल्या डब्लिन गावातलं घर ह्यांनी पसंत केलं ते मागचं यार्ड बघून. घरमालकीण मला आत ओव्हन कसा लावायचा ते दाखवत होती, आणि हे मागच्या दारातून बाहेर पडून पावलं मोजत चालायला लागले. मी खिडकीतून बघत होते. चालत चालत थेट टोकाच्या चरापर्यंत गेले, तिथे वळले आणि दोन्ही हात वर करून मला दाखवायला लागले, बघ, इथपर्यंत आपलं! इतके लांब होते की चेहरा दिसत नव्हता, फक्त हात दिसत होते.

सव्वा एकर जागा होती. ऐंशीच्या दशकात कोलंबसच्या त्या बाजूला अजून मक्याची शेतं होती. आमच्या कुंपणापलीकडे मका आणि अलीकडे आमचं गवत. हे भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढले, दोन खोल्यांत सात माणसं. मी त्यांना म्हटलं, "अहो, एवढी जागा घेऊन करायचं काय?" तर म्हणाले, "काही नाही करायचं. नुसती असू दे."

पण नुसती असू देता येत नाही, हे पहिल्याच उन्हाळ्यात कळलं. गवत आठवड्याला गुडघ्याकडे सरकायचं. ह्यांनी गवत कापायचा मोअर आणला, हाताने ढकलायचा. इंजिनाला एक दोरी असायची, ती जोरात ओढली की मशीन सुरू व्हायचं. दर शनिवारी सकाळी चहा घेऊन हे बाहेर पडायचे आणि अर्धं यार्ड कापून जेवायला यायचे. उरलेलं रविवारी. ओळखीच्या बाकीच्या मराठी घरांत ह्या कामाबद्दल कुरकुर असायची. ह्यांची नव्हती. चेहऱ्यावर गवताचे कण चिकटलेले, बुटांचे तळवे हिरवे, आणि टेबलाशी बसून म्हणायचे, "आज पेअरच्या झाडापर्यंत पोचलो." जणू गावाला जाऊन आलेत.

तीन उन्हाळे असे गेले. चौथ्या वर्षी एप्रिलमध्ये पहिल्यांदा मोअर बाहेर काढला आणि तो सुरूच होईना. मी भांडी घासत होते. दोरी ओढल्याचा आवाज यायचा, इंजिन दोन ठोके द्यायचं आणि गप्प. सात-आठ वेळा झालं. मी ओल्या हातांनी बाहेर गेले आणि म्हटलं, "सरका." एक हिसका दिला आणि मशीन धडधडायला लागलं.

मला इतकं हसू आलं! हेही हसले. उजवा हात डाव्या हाताने चोळत म्हणाले, "झोपेत खांदा अवघडलाय बहुतेक."

पुढच्या आठवड्यात एका ओळखीच्यांकडे पॉटलक होतं, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण, वीसेक मराठी माणसं. मी तो किस्सा तिथे रंगवून सांगितला. ह्यांनी आठ वेळा ओढली आणि मी एकदाच. एक काका म्हणाले, "वहिनी, आता लॉन तुमच्याकडेच!" सगळे हसले. हेही हसले. खुर्चीच्या कडेला बसून, पुलावाची प्लेट मांडीवर ठेवून, मान खाली घालून हसत होते. तो किस्सा मी त्या महिन्यात आणखी दोन घरी सांगितला.

मे महिन्यात गवत वाढत चाललं आणि हे कापेनात. शनिवार आला की म्हणायचे, ओलं आहे. रविवारी म्हणायचे, ऑफिसचं काम आहे. दोन आठवडे गेले. मग एक दिवस दाराच्या मुठीला गावच्या ऑफिसचं कार्ड अडकवलेलं मिळालं. तुमचं गवत ठरलेल्या उंचीपेक्षा जास्त वाढलंय, दहा दिवसांत कापा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्या रस्त्यावर आम्ही एकटेच भारतीय होतो. मी कार्ड ह्यांच्या समोर टेबलावर टाकलं.

"आपल्या घराण्यात कोणी आळशी नव्हतं," मी म्हणाले. "तुम्हाला काय झालंय?"

आज हे वाक्य मी कोणाकडून उसनं घेतलं ते आठवत नाही. आमच्या आईचं असावं. पण बोलले मी.

ह्यांनी कार्ड वाचलं, घडी केली, खिशात ठेवलं. म्हणाले, "आपण बसून चालवायचा मोअर घेऊ या. किल्लीने सुरू होतो."

त्यानंतर मात्र त्यांना उत्साह आला. ते मेकॅनिकल इंजिनीयर, कुठलीही वस्तू घ्यायची म्हटली की आधी कागद निघायचा. ग्राफपेपरवर त्यांनी सगळ्या यार्डाचा नकाशा काढला. झाडं, मेलबॉक्स, मुलीचा झोका, मागच्या चराकडे जाणारा उतार. मोअर किती जागेत वळतो, पातं किती रुंद असलं तर किती फेऱ्या पडतील, हे सगळं मांडलं. नकाशावरच्या रेघा थरथरत आल्या होत्या. मला वाटलं, घाईत काढलाय.

गावाबाहेरच्या रस्त्यावर एक दुकान होतं. तिथे शेतकऱ्यांची यंत्रं आणि घरगुती मोअर दोन्ही मिळायचे. आम्ही तिघं गेलो. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. बाहेर मोकळ्यावर मोअर ओळीने उभे होते आणि ती एकावरून उतरून दुसऱ्यावर चढत होती. "कॅन वी गेट द रेड वन? बाबा, प्लीज?"

दुकानदार पोट सुटलेला, शांत माणूस होता. त्याने तीन मशीन दाखवली. एक छोटं, त्याचं इंजिन सीटच्या मागे. एक मधलं, पुढे बॉनेट असलेलं, लहानशा ट्रॅक्टरसारखं. आणि एक मोठं धूड. त्याला मागे नांगर लागायचा, हिवाळ्यात पुढे बर्फ ढकलायचं फावडं लागायचं. ह्यांचे डोळे त्या मोठ्यावर खिळले. भोवती तीन फेऱ्या मारल्या. वाकून खालून बघितलं. सीटवर बसून स्टिअरिंग हातात घेतलं तेव्हा ते अकरा-बारा वर्षांचे दिसत होते.

"ह्याने मागची जमीन नांगरता येईल," मला म्हणाले. "वांगी लावू. मेथी लावू."

"आणि खाणार कोण एवढी?"

"मराठी मंडळात वाटू!"

दुकानदाराने किल्ली दिली. ह्यांनी उजव्या हाताने ती लावली, फिरवायला गेले, आणि थांबले. मग स्टिअरिंगच्या वरून डावा हात आडवा नेऊन किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. मी बघितलं. मला नवल वाटलं, एवढंच. मुलीने हाक मारली आणि मी तिकडे वळले.

त्या दिवशी घेतला नाही. "विचार करून सांगतो," म्हणाले. पण परत येताना सगळी वाट त्या मोठ्या मशीनबद्दलच बोलत होते. मी मनात धरलंच की तोच येणार.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी, एका शनिवारी, हे म्हणाले, "चल, दुकानात जाऊन येऊ. मुलीला तिच्या मैत्रिणीकडे सोडू." मला वाटलं, घ्यायलाच चाललोय. मी साधी सुती साडी नेसले होते. म्हणाले, "पँट घाल." मी म्हटलं, "का?" म्हणाले, "घाल गं."

दुकानात गेल्यावर त्या मोठ्या मशीनपाशी हे थांबलेच नाहीत. सरळ मधल्यापाशी गेले आणि मला म्हणाले, "बस."

"मी?"

"बस तर खरी."

मी बसले. माझा पाय क्लचपर्यंत पुरेना. ह्यांनी दुकानदाराला सीट पुढे सरकवायला सांगितली. मग क्लच दाबायला लावला. एकदा, दोनदा, दहा वेळा. "पाय भरून येतो का? खरं सांग." पातं खाली सोडायचा दांडा होता, तो ओढायला लावला. मग मला उतरवून छोट्या मशीनवर बसवलं. मग पुन्हा मधल्यावर. दुकानदाराला विचारत होते ते प्रश्नही मागच्या वेळचे नव्हते. पट्टा तुटला तर एकट्या माणसाला बदलता येतो का? पातं काढायला किती जोर लागतो? बॅटरी उचलायला जड आहे का? छोटं मशीन उतारावर उलटेल का? दुकानदार उत्तरं ह्यांना देत होता आणि हे म्हणत होते, "टेल हर. टेल हर, प्लीज."

मशीन सुरू करून मी चार फूट गेले आणि इंजिन बंद पडलं. दुकानदार हसला. म्हणाला, सीटच्या खाली बटण असतं, माणूस पडला तर मशीन आपोआप थांबावं म्हणून. बाईंचं वजन कमी पडतंय, खड्ड्यात उडाल्या की मशीनला वाटतं कोणी बसलेलंच नाही. मी उतरले. उकडत होतं, माझ्या केसांत तेलाचा वास भरला होता, आणि त्या परक्या माणसापुढे माझं हसं झालं होतं. मी तरातरा गाडीकडे गेले. हे मागून आले.

"मला हे चालवायचं नाही," मी म्हणाले. "तुमचा त्या मोठ्यात जीव आहे ना? तो घ्या. मला कशाला मध्ये ओढताय?"

"तुला चालवता आला पाहिजे."

"का? तुम्ही कुठे चाललात?"

असंच विचारलं मी. ह्याच शब्दांत, कमरेवर हात ठेवून, दुकानाच्या पार्किंगमध्ये.

ह्यांनी गाडीचं दार उघडून धरलं. "आत बस," म्हणाले. मी बसले. हे वळसा घालून आले, बसले, काचा वर केल्या. जून महिना होता आणि ह्यांनी काचा वर केल्या. मग समोर बघत सांगितलं. खांदा नव्हता. हाताला सुया टोचून टेस्ट केली होती. नसांकडून स्नायूंना निरोप जात नाहीत, हळूहळू अजिबात जाणार नाहीत. आधी हात, मग पाय, मग बोलणं आणि गिळणं. औषध नाही. नाव तीन इंग्रजी अक्षरांचं होतं. ते त्यांनी दोनदा सांगितलं, मला समजावं म्हणून. "दोन वर्षं म्हणतात. कोणी तीनही काढतं."

"कोण म्हणतं?"

"स्पेशालिस्ट."

"तुम्ही कधी गेलात?"

"मागच्या आठवड्यातल्या गुरुवारी."

मी बोटांवर मोजलं. नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत ह्यांनी स्वयंपाकघरातल्या नळाचा वायसर बदलला होता. मुलीला स्विमिंगला नेलं होतं. मंगळवारी मी केलेली आमटी खारट झाली होती आणि हे दोनदा वाढून घेऊन जेवले होते. मी त्यांच्या शेजारी झोपले होते, नऊ दिवस, आणि मला काही कळलं नव्हतं.

"तो आठ वेळा ओढल्याचा किस्सा," मी म्हणाले, "मी लोकांना…"

"अगं, छान सांगतेस तू तो," हे म्हणाले.

मग मात्र मी रडले. हे रडले नाहीत. त्यांनी डाव्या हाताने माझा हात धरून ठेवला. दुकानदार एकदा दारात येऊन आमच्या गाडीकडे बघून परत आत गेला. बऱ्याच वेळाने हे म्हणाले, "घर विकायचं तर वीक, ते तुझं तू ठरव. पण गवत कापता येत नाही म्हणून विकावं लागलं, असं नको. तो मधला बरा आहे. तुझ्या मापाचा आहे."

आम्ही डोळे पुसून परत आत गेलो आणि मधला घेतला. दुकानदाराने गॅरंटीचं कार्ड पुढे घेतलं आणि विचारलं, नाव कोणाचं लिहू? ह्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी माझं नाव एकेक अक्षर करून सांगितलं आणि तो लिहीत गेला. मोठ्या मशीनजवळून बाहेर पडताना हे जरा हळू चालले. त्याच्या बॉनेटवरून हात फिरवला. मी पुढे बघत राहिले.

तो उन्हाळा मोअर ह्यांनीच चालवला. एका हाताने, डाव्या. उजवा मांडीवर ठेवलेला असायचा. मी खिडकीतून बघायचे. खरं म्हणजे बसून काम असल्यामुळे त्यांना जमत होतं आणि मला वाटायचं, डॉक्टरांचं चुकलं असेल. शेजारचे म्हातारे गृहस्थ कुंपणापाशी येऊन गप्पा मारायचे. पूर्वी शाळेची बस चालवायचे, आता एकटेच असायचे. दोघं मोअरच्या पात्यावर अर्धा अर्धा तास बोलायचे.

संध्याकाळी जेवणं आटोपली की हे मला शिकवायला घ्यायचे. माझ्या वजनावर त्यांनी तोडगा काढला होता. सीटखालची स्प्रिंग मऊ केली. म्हणजे पाना माझ्या हातात आणि हे खाली गवतावर बसून सांगताहेत, डावीकडे, आणखी अर्धा फेरा, बास. उताराला आडवं जायचं नाही, सरळ वर आणि सरळ खाली, नाहीतर कलंडशील. ओलं असेल तर चराच्या बाजूला जायचंच नाही. तेल कधी बदलायचं. पट्टा कसा चढवायचा. मी सगळं ऐकायचे आणि पुढच्या वेळी मुद्दाम चुकवायचे. मला वाटायचं, मला येत नाही तोवर ह्यांना राहावं लागेल. हे कधी रागावले नाहीत. एकदाच म्हणाले, "अगं, तू पट्टा मागच्या वेळी बरोबर चढवला होतास. मी बघत होतो."

दुसऱ्या उन्हाळ्यात हे चाकांच्या खुर्चीत आले. शनिवारी सकाळी मी त्यांना मागच्या दाराबाहेरच्या फरशीवर नेऊन बसवायचे, डोक्यावर टोपी घालायचे आणि मग मोअर काढायचे. मुलगी त्यांच्या शेजारी पुस्तक घेऊन बसायची. तोवर ह्यांचं बोलणं घोगरं, चिकट झालं होतं. परक्याला एक शब्द कळत नसे. मलाही अर्धंच कळायचं. मुलीला सगळं कळायचं. "बाबा सेज यू मिस्ड अ स्पॉट बाय द स्विंग." ती ओरडून सांगायची आणि मी मागे वळायचे.

त्या आजारात आणखी एक गोष्ट होते, ती आम्हाला कोणी आधी सांगितली नव्हती. माणसाला हसू किंवा रडू येतं आणि ते थांबवता येत नाही. आणि हसतोय की रडतोय ते चेहऱ्यावरून कळत नाही. एका शनिवारी मी झोक्याच्या खांबाला धडकले. फार काही नाही, खांब वाकला. मागे बघितलं तर ह्यांचा चेहरा वेडावाकडा झाला होता, खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि घशातून आवाज येत होता. मी इंजिन बंद करून धावत गेले. "काय झालं? अहो, काय होतंय?"

मुलगी त्यांचा हात धरून म्हणाली, "आई, ही इज लाफिंग. इट्स ओके. ही इज जस्ट लाफिंग."

मीही हसले मग. तिघंही हसलो. खूप वर्षांनी, मुलगी कॉलेजात असताना, मी त्या दिवसाची आठवण काढली. ती म्हणाली, "आय डिडन्ट नो, आई. मला नव्हतं कळलं. तू घाबरली होतीस म्हणून मी तसं म्हटलं."

त्या उन्हाळ्यानंतरच्या मार्चमध्ये हे गेले. घरीच, दुपारी, मी त्यांना सूप भरवायला उठवायला गेले तेव्हा. मंडळातल्या बायकांनी पाळी लावून तीन आठवडे डबे आणले. फोनवर भारतातून सगळे एकच सांगत होते, सगळं आवरून परत ये. पॉटलकवाल्या काकांनी सुचवलं, अपार्टमेंटमध्ये जा, ही यार्डाची कटकट कशाला. मी सगळ्यांना हो म्हणत होते.

एप्रिल संपत आला आणि गवत आलं. मी पडदे लावून घेतले. पण मुलगी शाळेतून यायची ती मागच्या बाजूने, आणि तिच्या बुटांना गवताचं पाणी लागलेलं असायचं. शेवटी एक दिवस मी कुंपणापाशी गेले. शेजारचे आजोबा आपल्या बागेत काही लावत होते. मी त्यांना म्हटलं, एवढ्या एका वेळेला आमचं गवत कापून द्याल का? मला नाही जमणार.

त्यांनी टोपी काढली. हातातली माती पँटला पुसली. म्हणाले, "मॅडम, मला माफ करा. मी तुमच्या नवऱ्याला शब्द दिलाय."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. मागच्या ऑगस्टमध्ये मी बाजारात गेले असताना मुलगी खुर्ची ढकलत ह्यांना त्यांच्या अंगणात घेऊन गेली होती. ह्यांचं बोलणं त्यांना समजेना म्हणून ती एकेक वाक्य सांगत होती. माझे बाबा म्हणतात, माझी बायको तुमच्याकडे येईल आणि गवत कापून द्या म्हणेल. कृपा करून कापू नका. तिला येतं.

सांगताना तो म्हातारा माणूस टोपी हातात गोल फिरवत होता. "मला रोज वाटतं, जाऊन कापून यावं," ते म्हणाले. "पण त्याने मला तीन वेळा कबूल करायला लावलं."

मी घरी आले ती संतापाने. ह्यांच्यावर. गेलेल्या माणसावर इतका राग येऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. मला विचारलं होतं का? मी कधी, कोणाकडे काय मागायचं, तेही तुम्हीच ठरवून गेलात का? मुलगी टेबलाशी गृहपाठ करत होती. मी तिच्या पुढ्यात उभी राहिले.

"तू बाबांना शेजारी घेऊन गेली होतीस?"

तिने पेन्सिल खाली ठेवली. मान हलवली.

"मला का नाही सांगितलंस?"

"ही आस्क्ड मी नॉट टू."

ती अकरा वर्षांची होती. दहाव्या वर्षापासून हे पोटात घेऊन हिंडत होती. मी तिच्याजवळ खुर्ची ओढून बसले. ती वहीच्या कोपऱ्याशी चाळा करत राहिली. मग खाली बघत म्हणाली, "आई, आय डिडन्ट से ऑल ऑफ इट."

"म्हणजे?"

"बाबांनी अजून एक सांगितलं होतं. ही सेड, जर आई रडली, तर मग कापून द्या. मी ते आजोबांना नाही सांगितलं."

"का गं?"

"बिकॉज यू क्राय एव्हरी डे," ती म्हणाली, आणि तिलाच रडू फुटलं. "मग तू कधीच नसतं केलंस. आणि बाबा तुला एवढं शिकवत होते. एव्हरी सिंगल डे."

मी तिला मांडीवर घेतलं. ती मोठी झाली होती, मावत नव्हती, पाय जमिनीला टेकत होते. मग ती म्हणाली, "आता त्यांना जाऊन सांगू का?" मी म्हटलं, "नको."

मी ह्यांचे बूट घातले, कारण माझे सापडेनात. बॅटरी उतरली असेल असं वाटत होतं, पण मोअर किल्लीसरशी सुरू झाला. गवत इतकं वाढलं होतं की पातं सगळ्यात वरच्या खाचेत ठेवूनही इंजिन गुदमरत होतं. मी हळूहळू गेले. शेजारचे आजोबा कुंपणापाशी उभे होते, टोपी हातात. हातही हलवला नाही, आत आले नाहीत. मुलगी दाराच्या काचेमागे होती. आणि मी त्या इंजिनाच्या आवाजात मोठमोठ्याने रडत होते. ह्यांच्या पाठीमागे इतक्या दिवसांत मी तसं घसा फोडून रडले नव्हते, घरात मुलगी होती म्हणून. तिथे कोणाला ऐकू जात नव्हतं. मी ह्यांना हाका मारल्या. नावाने मारल्या. लग्नाला तेरा वर्षं झाली होती, मी एकदाही त्यांना नावाने हाक मारली नव्हती.

पेअरच्या झाडाच्या अलीकडे पेट्रोल संपलं आणि मशीन थांबलं. एकदम सगळं शांत झालं. माझा शेवटचा आवाज तसाच हवेत राहिला, तो आजोबांनी ऐकला असणार. ते लगेच पाठ फिरवून आपल्या घरात गेले.

मी उतरले नाही. तिथेच बसून राहिले. थोड्या वेळाने मुलगी अनवाणी गवतातून चालत आली आणि मोअरच्या पुढच्या बॉनेटवर चढून बसली. विचारलं, "आपण इंडियाला जाणार?" मी म्हटलं, "माहीत नाही गं." ती म्हणाली, "ओके." दोघी तशाच बसलो होतो, ऊन उतरेपर्यंत. उरलेलं यार्ड मी दुसऱ्या दिवशी कापलं.